बन्नूचा शस्त्रवैद्य आणि त्याचा फुटबॉल संघ

महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. कापूस आणि तूर पिकविणारा हा मुलूख. दक्षिणेच्या अंगाला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो. कापसाची उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटून शेते मोकळी पडली, की संध्याकाळी मुले त्यांत उतरतात. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे ठेवले की मैदान तयार होते. मग दिवेलागणीला घराघरांतून हाक येते : ‘खेळून का पोट भरते? घरी या अन् पुस्तक हाती घ्या!’ आपल्या ख्रिस्ती घरांतही ही हाक निराळी नाही. मुलाने डॉक्टर व्हावे, ही आईबापांची इच्छा असते. ती रास्तही आहे, कारण तालुक्याच्या गावी वैद्यकीय मदतीचे मोल काय असते, हे रात्रीबेरात्री रुग्ण घेऊन दूरच्या शहराकडे धावलेल्यालाच कळते. परंतु डॉक्टर व्हायचे असेल तर चेंडू टाकून दिला पाहिजे, हे मात्र आम्ही गृहीतच धरून चाललो आहोत. या गृहीताला छेद देणारे एक चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा मानस आहे.

मिशनरी डॉक्टर हा आपल्या भागाला अपरिचित नाही. शेजारच्या वाशिम येथे १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे राहिले, ते डॉ. ऑर्फा स्पायकर या शस्त्रवैद्य स्त्रीच्या परिश्रमांतून. त्याच्याही पूर्वी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय बांधले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट चालू लागले. पण शस्त्रक्रियेची खोली आणि फुटबॉलचे मैदान ही दोन्ही ज्याने आयुष्यभर सारख्याच निष्ठेने सांभाळली, असा पुरुष शोधू जाता आपल्याला फार दूर, जुन्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर जावे लागते. तेथे बन्नू नावाच्या गावी डॉ. थिओडोर लेटन पेनेल यांनी आपली कर्मभूमी केली. आणि गंमत अशी की, इतक्या लांबच्या या घराचा एक धागा आपल्या पुण्या-बेळगावाशी येऊन जुळतो. त्याविषयी पुढे सांगूच.

पेनेल यांचा जन्म १८६७ मधला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८९१ मध्ये ते एम. डी. झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप त्यांना मिळाली. वय अवघे चोवीस. लंडनमध्ये राहून नाव आणि पैसा दोन्ही मिळविण्याची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती. त्यांनी ती सोडली आणि चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने १८९२ मध्ये हिंदुस्थान गाठले. सोबत त्यांची आई होती. ती माउली परत गेली नाही. अखेरपर्यंत मुलाजवळच राहिली. प्रथम डेरा इस्माईल खान येथे काही काळ काढून १८९३ मध्ये मायलेक बन्नूला आले.

१८९१ हे साल खेळाच्या इतिहासातही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईत रोव्हर्स कप स्पर्धेला आरंभ झाला. त्याच वर्षी श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को नावाच्या शिक्षकाने चामड्याचा फुटबॉल आणला. तो पाहून तेथील ब्राह्मण मुलांनी पाय मागे घेतले, कारण चामड्याला शिवणे त्यांना निषिद्ध होते. आणि त्याच वर्षी फुटबॉलच्या नियमांत मोठा फेरफार होऊन पंच हा मैदानाच्या कडेचा साक्षीदार न राहता मैदानातला न्यायाधीश झाला. पेनल्टी किकही तेव्हापासूनची. वरवर पाहता नियमांतली ही बारीक दुरुस्ती. पण बन्नूसारख्या गावी तिला किती मोठा अर्थ होता, हे कळण्यासाठी आधी बन्नूची ओळख करून घेतली पाहिजे.

बन्नू आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे. कुर्रम नदीच्या पाण्यावर हिरवेगार झालेले ते एक खोरे. सभोवती उघडेबोडके डोंगर आणि त्या डोंगरांत वझिरी व इतर पठाण टोळ्या. पठाणांच्या रीतिधर्माला ‘पख्तुनवली’ म्हणतात. त्यात पाहुण्याचे आदरातिथ्य हे पहिले कर्तव्य. शरण आलेल्याला अभय देणे हेही कर्तव्य. पण त्याचबरोबर ‘बदल’, म्हणजे सूड, हेही कर्तव्यच. बापाचा सूड मुलाने घ्यावा, मुलाचा नातवाने घ्यावा, आणि घेतला नाही तर त्याच्या अब्रूवर पाणी पडावे. जमीन, पैसा, स्त्री यांवरून उठलेली भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालत. अशा ठिकाणी शस्त्रवैद्याला काम कमी पडणे शक्यच नव्हते. गोळीच्या, तलवारीच्या, सुऱ्याच्या जखमा नित्याच्याच. डोळ्यांचे विकारही अमाप.

गावठी उपचारांचे प्रकार दोन. एक ‘झन’ : शेळी वा मेंढी मारून तिचे ताजे कातडे रुग्णाच्या अंगाला गुंडाळावयाचे. दुसरा ‘दम’ : तेलात भिजवलेली कापडाची गुंडाळी अंगावर ठेवून पेटवावयाची. आपल्याकडे डागण्या देतात त्याच जातीचा हा उपाय. पेनेल यांनी या उपायांना हसून सोडून दिले नाही. त्यांची नीट टिपणे केली, आणि त्यांतून चिघळलेल्या जखमा धुऊन बांधण्यात आयुष्याची वर्षे घालविली. त्यांनी पठाणी पोशाख अंगीकारला, लोकांची भाषा आत्मसात केली आणि रुग्ण येतील तसे ते घेत गेले. बाजारात उभे राहून ते उपदेश करीत, तेव्हा मुल्लांचा विरोध होई, शिव्याशापही मिळत. पण ज्याने काल शिव्या दिल्या त्याचाच भाऊ आज खाटेवर घालून आणला, तर दार त्याच्यासाठीही उघडेच असे.

१९०९ मध्ये पेनेल यांनी आपल्या सरहद्दीवरील अनुभवांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांची प्रस्तावना आहे. रुग्णालयातल्या दिवसांविषयी लिहिताना त्यांनी अशा एका रुग्णाची हकिकत सांगितली आहे की, ज्याची दृष्टी वैऱ्यामुळे गेली होती. तो डॉक्टरांपाशी काय मागतो? आयुष्यभराची दृष्टी नव्हे. वैऱ्याला एकदा गोळी घालता येईल एवढ्याच वेळापुरते दिसू द्या. मग मी जन्मभर आंधळा राहीन! शस्त्रवैद्याच्या विद्येची सीमा या मागणीत दिसते. मोतीबिंदू काढता येतो, गोळी काढता येते. पण ज्या वैरापायी गोळी झाडली गेली ते वैर कोणत्या हत्याराने काढावे? बरा झालेला माणूस घरी जाऊन पुन्हा बंदूक उचलणार असेल, तर वैद्याचे काम अर्धेच झाले म्हणावयाचे.

आमच्या मते, पेनेल यांच्या फुटबॉलचे मर्म येथे आहे. बन्नूची मिशन शाळा आणि तिचे वसतिगृह त्यांच्या देखरेखीखाली होते. तेथे पठाणांची मुले होती, बाजारपेठेतल्या हिंदूंची होती, ख्रिस्ती होती. पठाण मुलांना खेळ नवे नव्हते. घोडदौडीत भाल्याने जमिनीतली मेख उचलण्याचा त्यांचा खेळ प्रसिद्धच आहे. पण तो खेळ एकेकट्याच्या मर्दुमकीचा. फुटबॉल अकरांचा. त्यात चेंडू आपल्यापाशी ठेवणारा नव्हे, तर वेळेवर दुसऱ्याला देणारा शहाणा ठरतो. तो दुसरा आपल्या जातीचा, टोळीचा, धर्माचा असेलच असे नाही. शिवाय, येथे १८९१ चा तो नियम आठवावा. बदलाच्या न्यायात ज्याला लागले तोच शिक्षा करतो. फुटबॉलमध्ये ज्याला लागले त्याने गप्प राहावयाचे असते. शिक्षा शिटी करते. पाडलेला मुलगा उठतो, अंगावरची धूळ झटकतो, आणि फ्री किक घेऊन खेळ पुढे नेतो. पठाणाच्या पोराने इतके शिकणे ही त्याच्या कुळाच्या कायद्यातली केवढी मोठी दुरुस्ती होती!

पुढे शाळांच्या एका फुटबॉल स्पर्धेत बन्नूच्या संघाने विजय मिळविला, आणि पेनेल यांच्या मनात एक धाडसी कल्पना आली. सरहद्दीच्या पलीकडे हिंदुस्थान किती अफाट आहे, हे या मुलांनी पाहावे, आणि हिंदुस्थाननेही पठाण म्हणजे केवळ लुटारू नव्हे हे पाहावे, म्हणून ते संघ घेऊन दौऱ्यावर निघाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. लांबचे रेल्वेप्रवास, अनोळखी मैदाने, आणि ज्यांची भाषा कळत नाही असे प्रतिस्पर्धी. आपल्या मुंबईतही या संघाने सामने खेळले, कराचीतही खेळले. काही जिंकले, एके ठिकाणी अपेक्षा नसताना हरलेही. पेनेल यांनी आपल्या ग्रंथात या दौऱ्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि पराभव लपविलेला नाही.

दौऱ्याची खरी कसोटी मात्र मैदानावर झालीच नाही. ती कलकत्त्यात, भर रस्त्यात झाली. त्या वेळी त्या शहरात दंगली उसळल्या होत्या. वातावरण तापलेले होते. अशा स्थितीत या मुलांवर, त्यांनी कोणाची काहीही कुरापत काढली नसताना, जमावाने हल्ला केला. वाचकहो, येथे क्षणभर थांबून त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. परमुलूख, अंगावर मार, आणि मनात आजोबा-पणजोबांपासून आलेली शिकवण की, मारणाऱ्याला जो सोडतो तो पठाण नव्हे. सूड घ्यावयाचा तर जिवाची पर्वा न करणारी ती पोरे. परंतु प्रकरण गेले ते कलकत्त्याच्या पोलीस कोर्टात. न्याय मागितला गेला तो न्यायासनापुढे, आणि झाल्या अन्यायाचे परिमार्जनही झाले. संघ नंतर बन्नूला सुखरूप पोहोचला. मैदानातली शिटी मुलांच्या कानांत राहिली होती, असेच आम्ही याला म्हणू. कितीही सामने जिंकले असते, तरी शिक्षकाला याहून मोठे फळ कोणते मिळणार होते?

या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ती झाकू नये. पेनेल ज्या काळात बन्नूत होते तो इंग्रजी साम्राज्याचा काळ. सरहद्दीवरच्या लष्करी अधिकाऱ्यांना हा डॉक्टर हवाहवासा वाटे, कारण पलटणीने जे साधत नसे ते त्याच्या एकट्याच्या वावरण्याने साधे. फुटबॉलसुद्धा राज्यकर्त्यांचाच खेळ होता आणि शिस्त लावण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग त्यांनी केला, हे खरे. पण खेळ कोणाच्या मालकीचा राहत नाही. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यातच मोहन बागानच्या संघाने, त्यातले बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. साहेबाचा खेळ साहेबावरच उलटला. आपल्या कोल्हापुरात तर तालमींनी फुटबॉल असा आपलासा केला की, तो परका होता हे आज कोणाला आठवतही नाही.

आणि सूड सोडण्याची ती शिकवण? तीही एका इंग्रज डॉक्टरची मिरास राहिली नाही. पेशावरच्या मिशन शाळेत शिकलेल्या खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ संघटना उभारली, तेव्हा तिच्या सेवकांकडून सूड न घेण्याची शपथ घेतली जाई. हजारो पठाणांनी ती घेतली आणि पाळली. हे सरहद्द गांधी १९३४ मध्ये आपल्या यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्यात गांधीजींच्या सहवासात राहिले होते. गफार खानांची प्रेरणा इस्लामवरील त्यांच्या श्रद्धेतून आली, तिचे श्रेय पेनेल यांना देणे अनुचित होईल. पण पठाण बदल सोडू शकतो, हा विश्वास बन्नूच्या मैदानावर एका शिक्षकाने बाळगला होता, आणि इतिहासाने तो मोठ्या प्रमाणावर खरा करून दाखविला, इतके तरी म्हणता येईल.

आता आपल्या भागाशी जुळणारा तो धागा. पेनेल यांनी १९०८ मध्ये विवाह केला तो अ‍ॅलिस सोराबजी यांच्याशी. अ‍ॅलिस यांचा जन्म १८७४ मध्ये बेळगावी झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालविले. ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण घेणारी पहिली स्त्री म्हणून ख्यात झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी या त्यांच्या थोरल्या भगिनी. त्यांचा जन्म नाशिकचा. पुण्याच्या सेंट हेलेनाज शाळेच्या संस्थापक सूझी सोराबजी याही त्यांच्या भगिनीच. स्वतः अ‍ॅलिस या बी. एस्सी. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून ओळखल्या जातात. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. सरहद्दीवरच्या पडदानशीन स्त्रियांना स्त्री डॉक्टरची किती गरज होती हे सांगावयास नको. बेळगावात जन्मलेली ही लेक बन्नूची सून झाली.

त्यांचा संसार जेमतेम चार वर्षांचा ठरला. त्या काळी शस्त्रवैद्याचे हात हेच त्याचे सर्वस्व असत आणि तेच त्याच्या जिवावरही उठत. शस्त्रक्रियेच्या वेळी रबरी हातमोजे घालण्याची पद्धत अमेरिकेत डॉ. हॅल्स्टेड यांच्यापासून, १८९० च्या सुमारास सुरू झाली. ती सर्वत्र रुळायला अवकाश होता. पेनिसिलिनचा शोध लागायचा होता १९२८ मध्ये, आणि ते रुग्णाला देता येऊ लागले १९४१ नंतर. तोवर पू झालेल्या जखमेवर काम करताना सुरीचे टोक बोटाला निसटते लागले, तरी विष रक्तात भिनून मृत्यू ओढवू शकत असे. मार्च १९१२ मध्ये तसेच घडले. बन्नूच्या रुग्णालयातील सहकारी डॉ. बार्नेट यांना एका रुग्णापासून जंतुसंसर्ग झाला. त्यांना वाचविण्यासाठी पेनेल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि तो संसर्ग त्यांना स्वतःला झाला. आधी बार्नेट गेले. त्यांच्या पाठोपाठ, काही दिवसांतच, पेनेलही गेले. वय पंचेचाळिशीच्या आत. सहकाऱ्याला वाचवायला जो हात पुढे झाला, त्या हातानेच मृत्यू आत आला.

अ‍ॅलिस यांनी १९१४ मध्ये पतीचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि पुढे सरहद्दीच्या जीवनावर कादंबऱ्याही लिहिल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९४७ च्या फाळणीत, बन्नूचे हिंदू घरदार सोडून भारतात आले. त्यांतले पुष्कळ फरीदाबादला वसले. ज्या गावी हिंदू आणि पठाण मुले एका चेंडूमागे धावली होती, त्या गावाचे असे दोन भाग झाले. एका मैदानाने इतिहासाचा लोंढा थोपत नाही, हेही आपण कबूल केले पाहिजे.

पेनेल अँग्लिकन होते आणि आम्ही कॅथलिक, मग हे चरित्र आमच्या अंकात का, असे एखादा वाचक विचारील. ख्रिस्ती ऐक्यासंबंधीच्या १९६४ च्या आदेशपत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विभक्त बंधूंच्या जीवनातील ख्रिस्ताची संपत्ती ओळखण्यास आपल्याला शिकविले आहे, हे एक उत्तर. दुसरे उत्तर आपल्याच घरचे आहे. ट्यूरिनच्या रस्त्यांवरची बेवारस मुले गोळा करताना संत जॉन बॉस्को यांनी प्रार्थनेइतकीच जागा अंगणातल्या खेळाला दिली होती. सलेशियनांच्या शाळांतली मैदाने ही त्याचीच साक्ष. मुलाचा आत्मा, मुलाचे शरीर आणि मुलाचा राग, या तिन्हींची काळजी एकाच ठिकाणी घ्यावी लागते, हे ट्यूरिनच्या धर्मगुरूला आणि बन्नूच्या डॉक्टरला सारखेच उमगले होते.

पुन्हा महागावच्या त्या मोकळ्या शेताकडे येऊ. दगडांच्या गोलात चेंडू गेला की नाही, यावरून मुलांचा वाद चालला आहे. आवाज चढले आहेत. एकाने दुसऱ्याच्या गळपट्टीला हात घातला आहे. घरून हाकही आली आहे. अशा वेळी मुलाला नुसते ओढून नेऊन पुस्तकापुढे बसविण्याऐवजी, आपल्यातल्या एखाद्या मोठ्याने, फादरांनी, शिक्षकाने, शक्य झाले तर एखाद्या डॉक्टरनेही, संध्याकाळचा एक तास काढून, हातात शिटी घेऊन त्या शेतात उतरावे. पुस्तक त्यानंतरही वाचता येते. गळपट्टीवरचा हात मात्र तिथेच, त्याच घटकेला सोडवावा लागतो.